अकरा महिन्यांचे करार

१६ एप्रिल २०२५, बुधवार

शेखर सरांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. वाटलं, कुणाला तरी काढणार. तर म्हणाले, "भाडेकरारांची पॉलिसी तू लिहायचीस."

कंपनी छोट्या कंपन्यांच्या मंचावरून मुख्य शेअरबाजारात चाललीये, म्हणून सगळे हिशोब नव्या अकाउंटिंग स्टँडर्डने. माल, मशिनरी, पगार – सगळ्यांची धोरणं लिहून झाली. भाडेकरारांना कोणी हात लावत नव्हतं. का ते आज कळलं.

आमची सात कोल्ड स्टोरेज, सातही भाड्याची. आजवर भाडं म्हणजे नुसता महिन्याचा खर्च. आता जागा जितकी वर्षं वापरणार, तितक्या वर्षांचं भाडं आजच देणं म्हणून ताळेबंदात मांडायचं. सूट फक्त वर्षभराच्या आतल्या करारांना. आमचे सगळे करार अकरा महिन्यांचे, दर साल नवे. कागदावर सूट बसते. पण स्टँडर्ड नुसता कागद बघत नाही. खरंच किती वर्षं राहणार, ते विचारतं.

"धवलशेठना अकरा महिने हवेत," सर म्हणाले. धवलशेठ आमचे एमडी. कंपनी वडिलांनी काढली, शेअरबाजारात यांनी नेली.

मी म्हणाले, आधी जागा बघते, मग लिहिते. सरांनी करारांची फाईल माझ्याकडे सरकवली. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस.

२२ एप्रिल

पिंपळगावला जाऊन आले. द्राक्षाचा हंगाम संपत आला तरी हायवेला टेम्पो उभेच. आत पॅकिंगला चाळीसेक बायका, स्वेटरवर स्वेटर घालून. बाहेर अंगाची लाही, आत हात गारठलेले.

शुभांगी म्हणून सुपरवायझर आहे. तिशीची असेल. तिनेच सगळं फिरवून दाखवलं. गेल्या वर्षी कंपनीने स्वतःच्या पैशाने पेट्या गार करायची नवी खोली बांधली. फरशी फोडून मशीन काँक्रीटमध्ये बसवलंय. मी विचारलं, हे हलवायचं म्हटलं तर?

ती हसायला लागली. "हलवतंय कोन मॅडम! धवलशेठ सोता आले होते नारळ फोडायला. म्हनले, आता दहा वर्षं इथून हलायचं नाय. म्हनून तर मी सायखेड्याचं घर बंद करून इथं खोली घेतली. पोरीला इथल्याच शाळेत टाकली."

द्राक्षं संपली की डाळिंब, मग पुन्हा द्राक्षं. "बारा म्हैने काम हाय," म्हणाली. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

अकरा महिने कुठल्या तोंडाने लिहू?

५ मे

टिपण दिलं. पिंपळगाव दहा वर्षं, बाकीच्या सहा जागा सात ते दहा. कारणं लिहिली – कंपनीचा स्वतःचा खर्च, मशीन, पर्यायी जागा नाही. शुभांगीचं म्हणणंही घातलं. 'जागेवरच्या सुपरवायझरच्या सांगण्यानुसार व्यवस्थापनाचा इरादा दहा वर्षांचा.' नाव नाही लिहिलं. पुरावा म्हणून भक्कम वाटलं तेव्हा.

९ मे

धवलशेठनी बोलावलं. आवाज चढवला नाही, चढवत नाहीतच ते. "मॅडम, कर्ज दुप्पट दिसेल. मुंबईचे फंडवाले पहिलं पान बघून उठून जातील. माझं कर्ज वाढलंय का? नाही. फक्त तुमच्या कागदावर वाढलंय."

मी म्हणाले, सर, देणं आहेच. आजवर दिसत नव्हतं इतकंच.

बराच वेळ टिपण चाळत होते. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "ही सुपरवायझर कोण?"

मी सांगितलं नाही. पण पिंपळगावात सुपरवायझर एकच आहे.

२८ मे

ऑडिट कमिटी झाली. मुंबईचे ऑडिटर माझ्या बाजूने उभे राहिले. दहा वर्षं मंजूर! शेखर सर बाहेर येऊन म्हणाले, "तुझं बरोबर होतं." आणि जिना उतरून गेले. अभिनंदन नाही, काही नाही.

घरी आप्पांना सांगितलं. त्यांना ताळेबंदातलं काही कळत नाही, जन्म रामकुंडावर पूजा सांगण्यात गेला. म्हणाले, "खरं तेच लिहिलंस ना? मग आता नीट जेव."

नीट जेवले. बऱ्याच दिवसांनी.

१७ जून

पिंपळगावच्या मालकाला नोटीस गेली. जुलैअखेर जागा सोडणार. कारण – 'भाडेकरारांची देणी कमी करणे.'

सरांकडे धावत गेले. "हे काय?"

"देणी जास्त आहेत हे तूच दाखवलंस ना," ते म्हणाले. चिडून नाही. थकून.

म्हणजे मी खरं लिहिलं, म्हणून जागा गेली. लिहिलं नसतं तर पिंपळगाव चालू राहिलं असतं. दिवसभर हेच उलटसुलट करून बघतेय. उत्तर तेच येतं.

३ जुलै

शुभांगी आली होती ऑफिसला. सोबत दोघी. सातपूरपर्यंत बस बदलत आल्या. वॉचमन आत सोडत नव्हता, तिने माझं नाव सांगितलं. माझं!

"मॅडम, तुम्ही आल्या होत्या तवा आपलं बोलनं झालं होतं ना. दहा वर्षं म्हनले होते शेठ. तुम्ही वर सांगा ना त्यान्ला, तुम्ही ऐकलंय माझ्याकडनं."

सांगितलं होतं. वरच सांगितलं होतं.

पाणी दिलं. म्हणाले, मी बघते. त्या निघाल्या तेव्हा शुभांगी परत वळली. "शाळेची फी भरली हाय वर्साची," एवढंच म्हणाली.

पॅकिंगच्या सगळ्या बायका कंत्राटदाराच्या नावावर आहेत. कंपनीच्या लेखी त्या कामगारच नाहीत. ताळेबंदात भिंती येतात, मशीन येतं. त्या कुठेच येत नाहीत. त्यासाठी कुठलं स्टँडर्ड बघू?

४ जुलै

धवलशेठना भेटायला वेळ मागितला. आमच्या सायखेड्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तरी या बायकांना घ्या, एवढंच सांगायचं होतं. सेक्रेटरी म्हणाली, सर परदेशात आहेत. खालच्या पार्किंगमध्ये त्यांची गाडी उभी होती.

३१ जुलै

काँक्रीट फोडून मशीन काढलं. निम्मं सायखेड्याला, निम्मं भंगारात. नोंद मी केली. दुसरं कोण करणार?

१४ ऑगस्ट

शुभांगीचा फोन. उचलला नाही.

२ सप्टेंबर

आज मीच लावला. मुलगी शाळा सोडून सायखेड्याला परत गेली, आजीकडे. ही कांद्याच्या खळ्यावर जाते, काम असेल त्या दिवशी. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुमचा काय दोष मॅडम, तुम्ही तर नोकरीवालं मानूस," म्हणाली.

फोन ठेवल्यावर आप्पांनी विचारलं, कोण होतं? मी म्हणाले, ऑफिसचं.

राजीनामा लिहिला. पुसला. मी गेल्याने पिंपळगाव उघडणार नाही. आणि आप्पांचं औषधपाणी आहे. कारण खरं आहे, तरी सबबच वाटते.

२९ सप्टेंबर

सर्वसाधारण सभा. मुंबईच्या ऑडिटरांची मुदत संपली. दुसरे आले. शेअरहोल्डरांनी हात वर केले, पेढे वाटले. मला दोन मिळाले.

११ नोव्हेंबर

सहामाहीचे आकडे झाले. कंपनीने पॉलिसी बदलली, नव्या ऑडिटरांनी मान्य केली. उरलेल्या सहाही जागा अकरा महिन्यांच्या, ताळेबंदाबाहेर. सरांना विचारलं, कशाच्या आधारावर? ते खिडकीकडे बघत म्हणाले, "कंपनी वाटेल तेव्हा जागा सोडू शकते, खरंच सोडते, याचा एक दाखला हवा होता. पिंपळगाव दाखवलं."

देणी कमी करायला नव्हतंच ते. माझं टिपण खोटं ठरवायला बंद केलं. दाखल्यासोबत जागा सोडल्याची नोंद जोडलीये – खाली सही माझी.