गेटवरची दोन वर्षं

पांढरकवडा,
ता. २ जानेवारी २०२५

ती. निकिताताईस,
रजतचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोन केला असता, पण एका खोलीत बाबा शेजारीच असतात, म्हणून लिहितो.

बाबा महिनाअखेर सूतगिरणीतून निवृत्त होतील. पीएफची पेन्शन वेगळी. मालकाची जुन्या कामगारांसाठी जी पेन्शन आहे, तिचा हिशोब मी मांडला होता. शेवटच्या पाच वर्षांच्या सरासरी पगाराचा दीड टक्का, गुणिले नोकरीची वर्षं. बावीस हजार पगार आणि तीस वर्षं धरून महिना नऊ हजार नऊशे येत होते. हपिसातले घनश्यामकाका म्हणाले, नऊ हजारच. मी पुन्हा करून पाहिलं. तेव्हा ते म्हणाले की, पोरा, गेटवर सतराच हजार होते, ती दोन वर्षं धर सरासरीत.

साहेबांनी विश्वासाचा माणूस म्हणून गेटवर बसवलं, असं बाबांनी आपल्याला सांगितलं होतं. तसं नाही, ताई, हे काकांकडूनच कळलं. कापसाच्या धुळीत श्वास पुरत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच गेट मागून घेतलं. फुप्फुसं कामातून गेली आहेत, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. घरी त्यांनी कोणाला कळू दिलं नाही.

आता दोनपैकी एक निवडायचं आहे, आणि मग ते बदलता येत नाही. एक तर बाबा आहेत तोवर पूर्ण नऊ हजार, त्यांच्यानंतर काहीच नाही. नाही तर बाबांना साडेसात हजार, आणि त्यांच्यानंतर आईला जन्मभर त्याच्या निम्मे. जेवताना मी दुसऱ्या पर्यायाचा विषय काढला. रक्कम सांगण्याआधीच आई भडकली. म्हणाली, जित्या नवऱ्यादेखत मले विधवा कायले करून राह्यला? अपशकुन मानू नये हे आपल्याला शिकवणारी तीच. बाबा हसले, म्हणाले, मी कुठी चाललो? पुरीच घेऊ. मग त्यांना खोकला आला.

काय करू ते लवकर कळव. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
रजत


फुलसावंगी,
ता. ८ जानेवारी

चि. रजतला ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र वाचलं तेव्हा उर्वशी मांडीवर होती, म्हणून रडता आलं नाही. दहावीत तुला इंग्रजीनं अडवलं, गणितानं नाही, हे मला माहीत आहे. पण भरल्या ताटावर आईसमोर असा विषय काढतात का रे येड्या?

घरी पुन्हा बोलू नको. गेटवर जा, एकटा जा. छातीचं नाव काढू नको. तुझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात किती मिळतं ते बाबांना ठाऊक आहे, आणि माझ्या घरी माझं किती चालतं तेही. एवढंच विचार की, तुमच्यामागं आईनं कोणाच्या तोंडाकडं पाहायचं.

जेवत जा. काळजीनं तू वाळून जातोस. आम्हाला विसरू नको.

तुझी,
ताई


पांढरकवडा,
ता. २० जानेवारी

ती. ताईस, सप्रेम जयभीम.

गेटवर गेलतो. तू सांगितलं तसंच विचारलं. रुईचा ट्रक आला, बाबांनी उठून गेट उघडलं, लावलं, आणि धाप थांबेपर्यंत माझ्याकडं पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले की, दुसरीच लिहून दिली सोमवारी. तुले काय वाटलं, तीस वर्षं मी नुसता कापूसच पाह्यला?

मी पायाच पडलो असतो, पण त्यांनी मला एक काम दिलं. आईला सांगायचं की, पूर्णच घेतली, गेटवरच्या पगारानं ती साडेसात हजारांवर आली. नाही तर ती विचारेल, कमीची काहून घेतली; आणि त्याचं उत्तर मजपाशी नाही, असं ते म्हणाले.

आई तूर निवडत होती. मी सगळा दोष गेटवर टाकला. तिनं मान हलवली. चुकीचं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा जाणून दिलं, ताई. दुसऱ्या पेन्शनला नवरा-बायकोचा जोडीचा फोटो लागतो. तो सगळ्यांनाच लागतो, असं सांगून बाबा तिला स्टुडिओत घेऊन गेले. ती तुझ्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होती.

प्रफुल्ल भाऊजींना जयभीम. तुझा आधार आहे म्हणून बरं आहे.

तुझा,
रजत


फुलसावंगी,
ता. १२ फेब्रुवारी

चि. रजतला आशीर्वाद.

आई दोन दिवस राहून गेली. तुला सांगू नको म्हणाली नाही, म्हणून सांगते. तिला सगळं माहीत आहे. बाबा गेटवर गेले तेव्हापासून भिंतीला टेकून झोपतात, आणि तिनं काही न विचारता त्यांच्या पाठीमागं दुसरी उशी ठेवायला सुरुवात केली. जोडीचा फोटो कायले लागते, हे गिरणीच्या चाळीतल्या सगळ्या बायांना कळते, असं म्हणाली. इंदूबाईचा नवरा गेला, तेव्हा त्याच फोटोवर तिची पेन्शन सुरू झाली होती.

मग त्या दिवशी भडकली कशाला, असं मी विचारलं. म्हणाली, त्यायच्यासमोर हो म्हटलं असतं, तर मले डॉक्टरचं माहीत हाये हे त्यायले समजलं असतं. आपल्यापासून लपलं हाये, एवढाच त्यायले आधार हाये. तो कायले काढून घेऊ?

तू गप्प राहा. आठवण ठेव.

ताई


पांढरकवडा,
ता. ३ मार्च

ती. ताईस, सप्रेम जयभीम.

परवा पहिली पेन्शन जमा झाली. बाबांनी आकडा सांगितला. आईनं चाळीला ऐकू जाईल असा आवाज काढला. तीस वर्षं राबवून एवढेच देऊन राह्यले काय, हिशोब करणाऱ्याचे डोळे फुटले काय, असं खूप बोलली. बाबांनी गिरणीची बाजू घेतली. तिला समोर बसवून बोटांवर समजावलं की, पाच वर्षांची सरासरी असते, त्यात गेटची दोन वर्षं आली, म्हणून साडेसात झाले. ती म्हणाली, काहून? त्यांनी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, काहून? इतक्या दिवसांनी बाबांना एवढं बोलताना पाहिलं. खोकला आला तेव्हा तिनं पाण्याचा गिलास हातात दिला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, आता समजलं.

बाबांच्या हिशोबात दीड हजाराची चूक होती. मी शेजारीच बसलो होतो.

सोबत त्या फोटोची एक प्रत पाठवतो. जपून ठेव, आणि आम्हा तिघांना जीव लावत राहा.

तुझा,
रजत