हातात येणारे एकाहत्तर हजार

६ जानेवारी, सकाळी ६
निर्णय झाला. यांनी नोकरी सोडायची. रंगाच्या फॅक्टरीत बावीस वर्षं काढली, आता छाती भात्यासारखी वाजते. डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं: त्या वासात आणखी एक वर्ष काढलं तर औषधाचाही उपयोग नाही. घरखर्च अठ्ठावन्न हजार. टॅक्स कापून माझ्या हातात एकाहत्तर. बायको डेटा अ‍ॅनालिस्ट असताना माणसाने चिंता करायची नसते.

७ जानेवारी
वीस महिन्यांच्या पगाराचा ग्राफ काढला. रेघ सुरेख. फक्त मागच्या फेब्रुवारी-मार्चला दोन खड्डे. आउटलायर, म्हणजे अपवादाचे आकडे, म्हणून काढून टाकले. आधी डेटा स्वच्छ करा, मग तोंड उघडा. ऑफिसात नव्या पोरींना मी हेच शिकवते. तेव्हा काहीतरी झालं होतं खरं. आठवत नाही, म्हणजे महत्त्वाचं नसणार.

९ जानेवारी
यांनी तिसऱ्यांदा विचारलं, नक्की ना गं? एकदा सोडली की तिथे परत घेत नाहीत. मी नुसतं ग्राफकडे बोट दाखवलं.

१२ जानेवारी
पगार विभागाची मेल. विमा आणि घरभाड्याचे पुरावे वीस तारखेपर्यंत पोर्टलवर टाका, नाहीतर टॅक्सची सूट नाही. रविवारी करणार. पक्कं.

१८ जानेवारी, रविवार
विम्याची पावती शोधायला कपाट उघडलं. ते लावण्यातच दिवस गेला. कपाट मात्र बघत राहावं असं लागलं. पावती उद्या.
संध्याकाळी वन्सं आल्या. तीस वर्षं एका दुकानाचे हिशेब लिहितात, त्यामुळे सगळं कळतं असा समज. म्हणाल्या, वहिनी, तुमची फेब्रुवारीच्या पगाराची स्लिप येऊ दे, मग दादाला राजीनामा देऊ दे. राहिलेला टॅक्स वर्षाच्या शेवटी एकदम कापतात. मी म्हटलं, वन्सं, आमच्याकडे अंदाज बांधायला मॉडेल असतं. तर म्हणे, मॉडेल असू दे, स्लिप आहे का? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

२१ जानेवारी
पोर्टल काल बंद झालं. एका दिवसाची सवलत नाही. माणुसकी उरली नाही.
यांनी राजीनामा दिला. शेवटचा दिवस २० फेब्रुवारी. घरी येऊन नुसते बसून राहिले. आनंद पचायला वेळ लागतो.

३० जानेवारी
पगार एकाहत्तर हजार दोनशे! अंदाजापेक्षा दोनशे जास्तच. वन्संना फोटो पाठवला. उत्तर आलं: हा जानेवारीचा आहे.

११ फेब्रुवारी
पगार विभागात सहज चौकशी करणार होते. गेले नाही. विचारलं की उगाच शंका असल्यासारखं दिसतं. झोप नीट लागत नाही. उशी बदलायला हवी.

२० फेब्रुवारी
यांचा शेवटचा दिवस. जागेवर नवा माणूस सकाळीच हजर. यांनीच त्याला मशीन समजावून दिलं. जेवताना खोकला कमी वाटला. मला वाटला.

२७ फेब्रुवारी, दुपारी १२
स्लिप आली. बावीस हजार. उघड उघड चूक आहे. जाऊन खडसावते.

दुपारी १
पगार विभागातल्या चष्मेवाल्याने शांतपणे स्क्रीन फिरवून दाखवली. पुरावे देईन असं मी वर्षाच्या सुरुवातीला लिहून दिलं होतं, म्हणून दरमहा टॅक्स कमी कापला. पुरावे आले नाहीत, म्हणून राहिलेला सगळा या दोन महिन्यांत. मार्चलाही हातात एवढेच. मी ठणकावलं, असं याआधी कधीच झालेलं नाही. तो म्हणाला, मॅडम, मागच्या वर्षी याच खुर्चीवर बसून तुम्ही हेच म्हणाला होतात.

संध्याकाळी ७
यांच्यासमोर ग्राफ उघडला. समजावलं की एप्रिलपासून माझा अंदाज तंतोतंत बरोबर आहे. यांनी लॅपटॉप मिटला. म्हणाले, हातात किती आले, तेवढं तोंडाने सांग.
सांगितलं.
त्याच फॅक्टरीला रोजंदारीवर माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा नंबर यांनी फोनमध्ये शोधला. बाहेर गेले, आणि बोलणं मला ऐकू येऊ नये म्हणून दार ओढून घेतलं.