बाबांची सही

ल्यूबेक, १२ मार्च १९३३

ती. हेडविगताईस,
योस्टचा सा. न. वि. वि.

सध्या एका चर्चच्या छपराला वासे घालतोय. इथला पाद्री इतका बुटका आहे की प्रवचनाला पेटीवर चढतो, आणि परवा पेटीच मोडली! दुरुस्तीलाही मीच. असो, विचारायचं होतं ते बाबांचं. नव्या सरकारचे तपकिरी सदरेवाले आमदारांकडून राजीनामे लिहून घेताहेत म्हणे. आपले आमदारसाहेब काय म्हणतात? खाणकामगार पाठीशी आहेत ना?

घराची फार आठवण येते गं. पण फिरस्त्या सुताराने तीन वर्षं आणि एक दिवस घराच्या पन्नास किलोमीटर आत पाय ठेवायचा नाही. माझे अजून सहा महिने आहेत. मध्यंतरी हद्दीपर्यंत येऊन परत गेलो. बाबांना सांगू नकोस, हसतील.

माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा योस्ट

एल्मरोडे, ९ एप्रिल १९३३

चि. योस्ट यास अनेक आशीर्वाद.

बाबा हसायच्या स्थितीत नाहीत रे. दोन दिवस डांबून ठेवलं होतं, बरगड्या मोडून परत पाठवलं. राजीनाम्यावर सही मात्र केली नाही. ते बघून खाणीतल्या अकरा जणांनीही युनियन सोडायला नकार दिला. अकराही तुरुंगात आहेत. त्यांच्या बायका बाबांसाठी सूप घेऊन येतात आणि बजावतात, की आमदारसाहेब, आमची माणसं तुमच्या भरवशावर आत बसलीत, वाकू नका.

डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघणार नाही. तुला कळवायचं नाही, नियम म्हणजे नियम, असं बाबांनी बजावलंय. पण झोपेत तुझंच नाव घेतात. एकदा येऊन जा. मात्र तू हाती लागलास तर बाबा सही करतील, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. तेव्हा ती रुंद टोपी आणि सुताराचा काळा पोशाख उतरव, साधा कोट घालून ये. जन्मात कधी ऐकलं नाहीस, एवढं ऐक.

वाट बघते.
तुझी ताई

ब्रेमेन, ७ मे १९३३

ती. ताईस,
योस्टचा सा. न.

किती कागद फाडले, मोजले नाहीत. कोट होता गं गाठोड्यात. एका शेतकऱ्याने दिलेला, शिंगाच्या बटणांचा, चांगला होता. पण हद्द ओलांडल्यावर तो अंगात घालवेना. एक नियम तर मोडलाच, आता पोशाखही उतरवला तर बाबांसमोर सुतार म्हणून कुठल्या तोंडाने उभा राहू? तेही तरुणपणी फिरस्ते सुतारच होते, आणि त्या तीन वर्षांत त्यांनी तो एकदाही लपवला नव्हता.

पहाटे गावच्या पुलावर चिटपाखरू नव्हतं. होते ते तपकिरी सदऱ्यातले चौघे. आमदाराचं पोर नटूनथटून आलं म्हणून हसले. तासाभरात बाबांना खुर्चीत घालून आणलं. त्यांनी कागद वाचला नाही, पेन मागितलं. सही केली, मग माझ्याकडे बघून म्हणाले की टोपी सरळ कर. बस, तेवढंच. मला गाडीत कोंबून हद्दीबाहेर टाकलं.

ताई, बाबा माझ्याविषयी काय म्हणतात? शिव्या देत असले तरी कळव.

तुझा म्हणवून घ्यायची लाज वाटते,
योस्ट

एल्मरोडे, ११ जून १९३३

चि. योस्ट यास आशीर्वाद.

मंगळवारी बाबा गेले. वेळेत कळवलं नाही, तशी शपथच घातली होती त्यांनी.

सहीनंतर खाणीतल्या बायका आल्या होत्या, का केलंत विचारायला. बाबा म्हणाले, घाबरलो, मार सोसेना. मी तोंड उघडणार तोच त्यांनी माझा हात असा दाबला की वळ उठला. त्या गेल्यावर म्हणाले, माझे राहिलेत चार दिवस. पोराला याच गावात चाळीस वर्षं वासे चढवायचेत, त्याच्याकडे कुणी बोट दाखवायला नको.

अकरा जण अजून आतच आहेत. दफनाला खाणीतलं कुणीही आलं नाही. शवपेटी उचलायला माणसं पुरेनात, तेव्हा एका बाजूला मी लागले. रस्त्याने बायकांनी खिडक्या लावून घेतल्या.

तू शिव्यांचं विचारलं होतंस. नाही दिल्या रे.

सप्टेंबरात तुझी मुदत संपेल, तेव्हा घरी ये. लोक तुझ्यादेखत बाबांना भित्रा म्हणतील. ऐकून घ्यायचं, आणि गप्प राहायचं. मीही तेच करतेय.

तुझी ताई