निरोगी नमुना

मंगळवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी आणि पिल्लू मजेत असतील. मी ठीक आहे. तुझे दोन फोन मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू मला हसवतोस आणि विषय गुंडाळतोस.

'आतडी पिकवणारी' म्हणून तू चारचौघांत माझी टर उडवतोस, तेच हे काम. रुग्णाच्या आतड्याचा तिळाएवढा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी आम्ही जेलच्या थेंबात वाढवतो. त्यांचे इवलेसे पोकळ गोळे होतात. तुलनेला निरोगी माणसाच्या पेशीही लागतात, त्या आम्ही आपापसांतच देतो. या वेळी मी दिल्या. फॉर्मवर प्रश्न होता, घरात कुणाला आतड्याचा आजार? मी ठोकून दिलं, 'नाही'.

बाहेरून सोडलेला रंग निरोगी गोळ्यांत शिरत नाही, आजारी पेशींची भिंत मात्र गळते. माझ्या गोळ्यांत शिरला. मी रंगाला दोष दिला, जेलला दिला, शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी कडाकडा भांडले. तीनदा पुन्हा केलं, तीनदा शिरला. चार महिन्यांचं काम पाण्यात. बाईंनी एवढंच विचारलं, "घरी विचारलंस का गं?"

मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांचं हातभर आतडं कापलं होतं. दादानेच सही केली."

अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणाला होतास तू! तेव्हा माझी परीक्षा होती, कबूल. पण त्यानंतर अकरा वर्षं? मी रोज याच आजारावर मान मोडून काम करते, आणि घरातलाच आजार मला आत्याकडून कळतो! संताप झालाय नुसता. धाकटीला जपलं म्हणे. जपलं नाहीस, मूर्ख बनवलंस.

वर 'ठीक आहे' लिहिलं ते खोटं. परवा तपासणी झाली. सुरुवात आहे, औषधांनी आटोक्यात राहील म्हणतात.

आणि तू? 'पोट जरा नाजूक' म्हणत ताटावरून उठतोस, पट्ट्याला नवी भोकं पाडतोस. मी वेडी त्यावर विनोद करत बसले. तुला कळतंय, तरी तपासून घेत नाहीस. बाबांनीही असंच अंगावर काढलं ना?

सोबत कोरा फॉर्म आहे, तुझ्यासाठी. शनिवारी सकाळी दहाची तुझ्या तपासणीची वेळ घेतली आहे, तुला न विचारता. बाबांचे रिपोर्ट घेऊन ये. आला नाहीस तर रविवारी मी वहिनीसमोर येऊन बसेन. उद्या पिल्लूलाही असाच फॉर्म भरावा लागेल. तिला तरी खरं उत्तर माहीत असू दे.

तुझ्यावर कधी नव्हे इतकी चिडलेली, आणि तुझ्याशिवाय कुणी नसलेली,
तुझी ढमी
(वजन चार किलो उतरलंय. मी लपवणार नाही.)