माझ्या हीदरवर ओतलेली वाळू

प्रिय लाकलन,

मंगळवार, १२ मार्च, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. त्या घटकेला तू ट्रॅक्टर मागे घेत माझ्या फाटकातून आणलास आणि किनाऱ्यावरची शिंपल्यांची पांढरी वाळू माझ्या हीदरच्या जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपांवर ओतलीस. वेळ शेजारच्या पेगीने सांगितली. फिरतं दुकान तेव्हा तिच्या दारात उभं होतं, आणि ते वीस वर्षांत एकदाही उशिरा आलेलं नाही. मी मुख्य भूमीवरच्या हॉस्पिटलात नव्या खुब्यावर उभी राहायला शिकत होते. तक्रार करायची तर आधी तारीख-वेळ लिहा, रडणं नंतर, असं कॉन्व्हेंटात सिस्टर बेनिग्ना शिकवायच्या. रडणं मी गाळलं आहे.

घरी येऊन फोन केला तर तू म्हणालास, "अगं डोली, टेकडीभर हीदर पडलंय, मेंढ्यासुद्धा कंटाळल्या त्याला. तुला कमी पडलं होय? उपकार केले तुझ्यावर. आता तिथे बटाटे बघ कसे येतात!" मागून तुझी लेक कट्रीना हसली. कान अजून शाबूत आहेत माझे.

वाळूतल्या चुन्याने आपली आंबट काळी जमीन गोड होते, गवत धरते, हे मला शिकवू नकोस. बाबांच्या मागून वाळूच्या टोपल्या मी वाहिल्या, तू पाळण्यात होतास. अर्धा एकर हिरवा करायला त्यांना अकरा वर्षं लागली आणि दर वर्षी हीदर कुंपणाखालून परत यायचं. ते शिव्या देत उपटायचे. मला आवडायचं ते, पण बोलायची सोय नव्हती. आपल्या बेटावर हीदर लावते म्हणणं म्हणजे घरात हौसेने उंदीर पाळते म्हणणं. पोस्टातून निवृत्त झाले त्या वसंतात मी त्यातल्या एका तुकड्याची गोड माती खणून काढली आणि चुलीसाठी दलदलीतून कापतो ते काळं पीट आणून भरलं, कारण हीदरला आंबटच माती लागते. गाव कुंपणाला टेकून बघत होतं. फादरसुद्धा म्हणाले, "डोलिना, काटेकुसळं कधी पेरतेस?" मी म्हटलं, "आधी तुमच्या दारात पेरून बघते, फादर. आली तर इथे लावीन."

त्याला चौदा वर्षं झाली. एप्रिलमध्ये, गेल्या वर्षीची वाळलेली फुलं संपतात त्याच्या जरा खाली कात्री लावायची. खालच्या उघड्या लाकडात कापलं की तिथून पालवी फुटत नाही. तू एकदा मदतीला म्हणून कुंपण छाटायचं मशीन घेऊन आलास, तीन झुडपं गेली, आणि मी तुला वर चहा दिला. ती माझी चूक. बुंध्याशी उघडी पडलेली म्हातारी झुडपं काढून गळ्यापर्यंत पुरायची, म्हणजे वर्षभरात पुरलेल्या फांद्यांना मुळं धरतात आणि एकाची सहा होतात. पांढऱ्या फुलांचं मात्र एकच होतं. बारा वर्षांत गावातली प्रत्येक नवरी त्याची डहाळी शुभ म्हणून घेऊन गेली. कट्रीनासुद्धा. तेव्हा तिला हसू आलं नव्हतं.

मी परतेपर्यंत पाऊस पडून गेला होता आणि वाळूतला चुना मुळांपर्यंत उतरला होता. शेंडे पिवळे. एका हाताने कुबडी आणि दुसऱ्या हाताने कोळशाचं फावडं धरून मी वाळू खरवडली. पेगी ओरडत होती, "पडशील गं बये! आता तिसरा खुबा कुठून आणणार?" शेवटी तीच फावडं हिसकावून कामाला लागली. पांढरं गेलं. एकतीसपैकी नऊ जगतील. ती ताज्या पीटमध्ये हलवली आहेत, फाटकाच्या अगदी आत, तुझा ट्रॅक्टर जिथे वळतो तिथे. मुद्दामच.

एवढ्यासाठी मी शाई खर्च केली नसती, लाकलन. हॉस्पिटलातून निघायच्या आदल्या दिवशी तिथलीच एक भली बाई वही घेऊन माझ्या खाटेशी बसली आणि म्हणाली, "वृद्धाश्रमात एकच खुर्ची नेता येते. तुमची कुठली पाठवायची? घर आपल्या मुलीला देणार आहे म्हणाले तुमचे भाऊ." मी म्हटलं, खुर्ची माझ्या स्वयंपाकघरात आहे आणि मी तिच्यात बसायलाच निघालेय. म्हणजे वाळू ओतलीस तेव्हा मी परत येणार नाही हे तू ठरवूनच टाकलं होतंस. मला सोडून सगळ्यांना सांगितलंस. जमीन तुझ्या नावावर आहे, कारण बाबांनी ती मुलाला दिली. पण आईच्या अंथरुणाशी नऊ वर्षं मी होते, आणि घर डोलीचं, ती असेपर्यंत, हे तू आईचा हात धरून बोलला आहेस. तेच आता कागदावर हवं: घर आणि बाग, मी जिवंत असेपर्यंत माझी. खाली तुझी सही. शनिवार, ६ एप्रिल, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात. फोन करू नकोस, कट्रीनाला केक देऊन पाठवू नकोस. कागद आला नाही, तर रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात उभी राहून मी हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचीन. लेखी उत्तर, बाराच्या आत.

तुझीच, अजून जिवंत असलेली थोरली बहीण,
डोलिना