बाबांच्या लॅपटॉपवरचं माझं फोल्डर

४ मार्च
बाबांचं क्रिप्टो वॉलेट रिकामं! निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा एका फटक्यात साफ. दादाने वहिनीदेखत त्यांना फैलावर घेतलं – "कशावर तरी क्लिक केलं असणार तुम्ही!" बाबा आपले, "मला नाही रे आठवत." मीही तेच धरून चालले. घरातली कंप्युटरवाली मी, म्हणून लॅपटॉप तपासायला माझ्या घरी आणलाय.

५ मार्च
जुनी गाणी, विजेची बिलं, बुद्धिबळाचे डाव. वावगं काही नाही. तरी फोन करून उलटतपासणी घेतलीच – कुणाचा मेल उघडलात? नीट आठवा! बाबा चाचरायला लागले. शेवटी म्हणाले, "माझंच चुकलं असेल, ठकू." मी वर शहाणपणा शिकवला – आता तरी जपून!

७ मार्च
सापडली. लपून बसलेली एक फाइल, वॉलेटचा पासवर्ड चोरून बाहेर पाठवणारी. ज्या फोल्डरमधून आली त्याचं नाव 'मुलाखत'. नाव मीच दिलेलं.

गेल्या महिन्यात एका रविवारी बाबांकडे गेले होते. नव्या नोकरीसाठी एका कंपनीने प्रोग्राम पाठवला होता – चालवून बघा, चुका काढून दाखवा. आमच्या धंद्यातला पहिला नियम: अनोळखी प्रोग्राम आपल्या मशिनवर चालवायचा नाही. नियम पाळला की मी! माझ्या लॅपटॉपला काही होऊ नये म्हणून बाबांच्या लॅपटॉपवर चालवला. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. "काय भराभर बोटं चालतात हिची!"

ती कंपनी आता फोन उचलत नाही. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

८ मार्च
सांगितलं नाही.

१० मार्च
दादाचा फोन. "सापडलं काही?" म्हटलं, बघतेय. त्याने बाबांचे बँकेचे व्यवहारही स्वतःकडे घेतलेत. "वय झालं गं त्यांचं. आईचं आठवतंय ना?" आई शेवटी शेवटी आम्हालासुद्धा ओळखत नव्हती. तेव्हा तरी तोंड उघडायचं! मी नुसतं "हं" म्हणाले. त्या 'हं'ची मला किळस येतेय.

१३ मार्च
वहिनी म्हणाली, बाबा कुणाला न सांगता डॉक्टरांकडे जाऊन आले. कशाला, ते बोलत नाहीत. हल्ली बुद्धिबळही मांडत नाहीत म्हणे.
आणि मी इथे मूग गिळून बसलेय. उद्या जाते. कुठल्या तोंडाने, माहीत नाही. पण जाते.

१४ मार्च
सगळं सांगितलं, दादासमोरच. बाबांनी पैशांचं नावही काढलं नाही. माझा हात घट्ट धरला आणि दोनदा तेच विचारलं – "म्हणजे मी विसरलो नव्हतो? मला तुझ्या आईसारखं होत नाहीये ना गं?"