टीव्हीसमोरची दहीसाखर

आई,

काल इथे अ‍ॅशबर्नला, लेकीच्या घरी, तुझा रोबो पुन्हा भेटला. तोच जपानी कार्टूनमधला, दहा मजली इमारतीएवढा, ज्याच्या डोक्यात बसून ते बापाविना वाढलेलं पोर लढायला जायचं. लेकीने टीव्हीवर त्याचे सगळे जुने भाग शोधून दिले आणि ती भाजी आणायला गेली. सुरुवातीचं संगीत वाजलं आणि मी, सत्तरी ओलांडलेला माणूस, सोफ्यावर चोरासारखा बसलो.

तू अमेरिकेत, वेस्ट विंडसरला माझ्याकडे आलीस तेव्हा तुला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. तरी रोज दुपारी पदर खोचून टीव्हीपुढे बसायचीस, आणि मी कामावरून आलो की पोळ्या लाटता लाटता सगळी गोष्ट सांगायचीस, कोणी दगा दिला, कोणाचा हात तुटला. सकाळी मी छापखान्यातली मशीनं दुरुस्त करायला निघालो की माझ्या तळहातावर दहीसाखर. दुपारी ते पोर लढाईला निघालं की टीव्हीसमोर वाटीत दहीसाखर. तुझ्या लेखी दोघं सारखेच.

मग ती सुट्टीची दुपार. माझे मित्र जेवायला आलेले, सगळे डिग्रीवाले. हात काळे करून शिकलेला मी एकटाच. तू वाटी ठेवतेस. एकजण म्हणतो, "काकू, हा रोबो तुमचा भाचा का हो?" तू हसतेस, "भाचा कशाला, नातू म्हण." त्यांचं हसणं गमतीचंच होतं गं. पण आता हे मलाही हसतील असं वाटलं, म्हणून आधी मीच ओरडलो, "आई, अडाण्यासारखं करू नकोस. पत्र्याच्या डब्याला कसली दहीसाखर!" तू वाटी उचललीस. एवढंच म्हणालीस, "पत्र्याला नाही रे. आत पोर बसलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालून दारात उभा, हात पुढे केलेला. तू पाठमोरी, ओट्यापाशी भांडी पुसत होतीस. मी हात खिशात घातला आणि निघालो. परत गावी जाईपर्यंत तू ना टीव्ही लावलास, ना माझ्या हातावर दही ठेवलंस. आणि मलाही "आई, दही" एवढे दोन शब्द सुचू नयेत? सुचले होते. तोंडातून निघाले नाहीत. पुढच्या वर्षी तू गेलीस.

काल ते पोर लढाईला निघालं तसा मी उठलो. वाटीत दही घेतलं, वर चमचाभर साखर, आणि वाटी टीव्हीसमोर ठेवली. तेवढ्यात लेक पिशव्या घेऊन आत आली. "बाबा, ही वाटी इथे का? कोणी येणारे का?"

तुझं नाव काढायला असा किती वेळ लागला असता! पण मी म्हणालो, "कोणी नाही गं, मीच खात होतो," आणि तिच्यादेखत वाटी चाटूनपुसून साफ केली.

हा कागद आता चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवतो. तिने विचारलंच, तर वाणसामानाची यादी म्हणेन.